राजाच्या पोटाखालचा हात

समोरच्या तबेल्यात शेजारचे गणूकाका राजाला धूत होते, राजा म्हणजे त्यांचा खच्ची केलेला घोडा, आणि बाळाच्या आंघोळीची वेळ झाली तरी मी त्याला छातीशी धरून दारातच उभी, कारण आंघोळ घालायची मला भीतीच वाटते, निसटलं हातातून तर? विचारायला घरात कोणी नाही, हे कामाला लांब गेलेत.

काकांनी कोमट पाण्यात फडकं भिजवलं, साबण नाहीच. मग राजाच्या पोटाखाली, लघवीच्या जागेजवळ, नुसता हात ठेवून उभे राहिले. राजानं पाय आपटला तरी काका हलले नाहीत.

"काय करताय काका?"

"वाट बघतोय पोरी. तिथं आत मळ साचतो, काढावा लागतो. पण आधी त्याला हात कळू दे, नाहीतर लाथ खायची माझी पाळी."

राजानं मान खाली सोडली, तेव्हा कुठं काकांनी हळूच मळ पुसून काढला.

मला वाटलं, असा हात माझ्या पाठीवर शेवटचा कुणी ठेवला होता?

घरात येऊन मी हात गरम पाण्यात धरले, बाळाला पायांवर पालथं घेतलं, तसं ते रडायला लागलं. एका हातानं त्याला धरलं, दुसरा पाठीवर ठेवला आणि थांबले. त्याचं रडणं थांबलं. मग माझंच सुरू झालं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.