मासे आणायला फटफटीवरून

लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले तेव्हा दोन खोल्यांत सगळ्या गोष्टींची सोय होती, फक्त नवऱ्याशी बोलायची नव्हती. सासू-सासऱ्यांसमोर नवरा-बायकोने आपसांत बोलू नये, अशी घरातली रीत. चहा झाला हेसुद्धा मी धाकट्या नणंदेला सांगायची आणि ते ह्यांनी ऐकायचं. रात्री दिवा मालवल्यावर दोन शब्द बोलावेत, तर पलीकडे सासऱ्यांचा खोकला. माझा स्वभाव मुळात बडबडा. पहिले काही महिने माझी नुसती घुसमट झाली.

सुटका केली ती फटफटीने. लष्कराने लिलावात काढलेली, दोन-तीन हात फिरून ह्यांच्याकडे आलेली. अंगाने दांडगी आणि स्वभावाने महाहट्टी. किक मारून मारून ह्यांचा शर्ट घामाने भिजला की मग कुठे ती सुरू व्हायची, आणि गॅलरीत उभी राहून सगळी चाळ हा तमाशा बघायची. मासळीखाऊ घरात जन्मूनही ह्यांना माशांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ताजा सरंगा आणि शिळा सरंगा ह्यांना सारखाच. शेवटी एका रविवारी सासूबाईच वैतागून म्हणाल्या, "हिला घेऊन जा रे वरळीला. हिला कळतं." तेव्हापासून रविवारची सकाळ आमची झाली.

मी मागे एका बाजूला पाय सोडून बसायची. डोक्यावरचा पदर उडू नये म्हणून त्याचं टोक दातांत धरायची आणि हात सीटमागच्या कडीला. चौपाटी मागे पडली, ओळखीचे डोळे संपले, की तो हात हळूच ह्यांच्या खांद्यावर जायचा. परत येताना चौपाटी दिसली की पुन्हा कडीला. यावर आम्ही कधी अवाक्षर काढलं नाही, पण पेडर रोडचा चढ लागेपर्यंत माझा हात आला नाही, तर हे मान जराशी वळवून बघायचे. इंजिनाचा तो आवाज, त्यात माझ्या तोंडात पदर, बोलणं शक्यच नव्हतं. तरी सबंध आठवड्यात मला सोबत वाटायची ती तिथेच.

बोलणं व्हायचं ते वरळीच्या समुद्राकाठी. कोळीवाड्यात होड्या लागल्या की आधी मासे घ्यायचे, मग कठड्यावर घटकाभर टेकायचं. ऑफिस, चाळ, रुसवेफुगवे, सगळं त्यात उरकायचं. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. भिंतीभिंतींवर घोषणा, आज मोर्चा तर उद्या हरताळ. शिवाजी पार्कवर सभा असली की हे ऑफिसातून परस्पर तिकडे जायचे आणि घसा बसवून घरी यायचे. सासूबाईसुद्धा चाळीतल्या बायकांबरोबर एकदा मोर्चाला जाऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून खोबरं खवता खवता सरकारचा समाचार घ्यायच्या.

अशातच माझ्या शाळेतल्या जुन्या बाईंचा निरोप आला. परळच्या एका शाळेत मास्तरीण हवी होती. गिरणी कामगारांची मुलं, वर्ग खच्चून भरलेले. हो की नाही ते सोमवारी येऊन सांगायचं होतं. मला ती नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण आमच्या घरातली एकही सून आजवर नोकरीला गेली नव्हती.

त्या रविवारी सरंगे झकास मिळाले. "बघ गो बाय, जित्ता हाय नुसता," म्हणत कोळणीने कल्ला उचलून लालभडक रंग दाखवला. पिशवी फटफटीच्या हँडलला अडकवून आम्ही कठड्यावर बसलो आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

हे म्हणाले, "आईला विचारायला हवं."

"मग विचारा."

"मी? तूच बघ ना, ती जरा खुशीत असली की..."

माझं डोकंच फिरलं. "सभेत सरकारपुढे एवढे ओरडता, आणि आईपुढे आवाज फुटत नाही तुमचा?"

ह्यांना ते लागलं. समुद्राकडे बघतच विचारलं, "शिकवशील काय तिथे?" मी सांगायला लागले. गणित कसं शिकवणार, कवितेला चाली कशा लावणार, आणि सांगता सांगता रडायलाच आलं. हे सगळं ऐकत होते, पण 'हो' काही म्हणाले नाहीत. ऊन चांगलंच चढलं होतं. पिशवीची आठवण आम्हा दोघांनाही झाली नाही.

परतताना मी हात कडीवरून हलवला नाही. पेडर रोडला ह्यांनी वळून बघितलं. मी रस्त्याच्या कडेकडे बघत राहिले.

घरी सासूबाई वाटण करून बसल्या होत्या. त्यांनी सरंगा हातात घेतला, कल्ला उचलला, अंगठ्याने पाठ दाबली. खड्डा पडला तो तसाच राहिला. "मासा ताजाच घेतलाय हिने," त्या म्हणाल्या, "पण उन्हात शिजवून आणलाय. कुठे होतात इतका वेळ?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. नणंद दारात येऊन उभी राहिली. मी जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात हे, सगळ्यांच्या देखत, सरळ माझ्याकडे वळले. "तू सांगतेस की मी सांगू?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. त्या घरात थोरांसमोर आम्ही एकमेकांशी बोललेले ते पहिले शब्द.

"हिला परळच्या शाळेत नोकरी मिळतेय," हे म्हणाले. आवाज कापत होता. "उद्या ही होकार सांगायला जाणार. आमचं ठरलंय."

कठड्यावर असलं काहीही ठरलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी माया मला त्या माणसाबद्दल त्याआधी कधी वाटली नव्हती.

सासूबाईंनी मासा ताटात ठेवला, हात धुतले, पदराला पुसले.

"शाळा सकाळची की दुपारची?" त्यांनी मला विचारलं.

"सकाळची."

"म्हणजे डबा पहाटे हवा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग नणंदेला सुके बोंबील काढायला सांगितले आणि ह्यांच्याकडे वळल्या.

"आणि तू रे, घोड्या. पुढच्या रविवारपासून आधी बायकोशी पोटभर बोलून घ्यायचं. मासे मागाहून घ्यायचे."