भट्टीवाल्याचा किल्ला

सुधाकर गेल्याचं कळलं ते आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुणाच्या तरी मिसळीच्या फोटोखाली. लगेच जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली... त्यातले निम्मे हात त्याच्यावर हसताना एकमेकांना टाळ्या देणारे होते. म्हणून हे लिहितो आहे.

ऑकलंडमधल्या न्यू लिनच्या नदीकाठी एके काळी विटांच्या भट्ट्या धगधगत. शहराच्या कितीतरी भिंती तिथल्या मातीच्या. पुण्याहून इंजिनिअर म्हणून आलेला माझा हा मित्र तिथल्या एका पडक्या भट्टीच्या प्रेमात पडला. ती पाडणार हे कळल्यावर विरोधासाठी मंडळात सह्या मागत फिरला. "गोऱ्यांच्या विटा त्या, आपलं काय जातंय?" इति अध्यक्ष. गडकोटांच्या दुर्दशेवर दर शिवजयंतीला गळा काढणारे हेच गृहस्थ!

त्या दिवाळीत मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा होती. सुधाकरने नदीकाठची चिकणमाती आणून अंगणात किल्ल्याऐवजी भट्टीच बांधली. कमानी, धुराडं, उतारावर उगवलेली मोहरी, मावळ्यांच्या जागी विटा वाहणारे मजूर. शेजारचा म्हातारा, ज्याचा बाप भट्टीवर राबला होता, कुंपणापाशी येऊन "स्वीट ॲज, मेट", म्हणजे झकास रे दोस्ता, असं म्हणाला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग आमचे परीक्षक आले.

"महाराज कुठे बसवणार? धुराड्यावर?"

सगळे खिदळले. सुधाकर शांतपणे म्हणाला, "तिकडचे किल्ले इथे बसून राखता येत नाहीत. इथे जे आहे ते तरी राखूया की." त्याला स्पर्धेतून बाद केलं. नदीकाठची खरी भट्टीही पाडली. तिथे आता फ्लॅट आहेत, इमारतीला नाव भट्टीचं आणि लॉबीत विटांचं चित्र असलेला वॉलपेपर! अध्यक्षांनी तिथेच फ्लॅट घेतला. "हेरिटेज लोकेशन आहे, हीप्स ऑफ हिस्टरी," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. शोकसभेतही हेच गृहस्थ बोलले, सुधाकर म्हणे वारशाचा पाईक होता. मला किळस आली.

परवा सुधाकरच्या घरी, सुनंदावहिनींना भेटायला गेलो होतो. त्या गॅरेजमध्ये होत्या. सुधाकरने यंदाच्या दिवाळीतल्या भट्टीसाठी आणून ठेवलेली माती घमेल्यात होती, वर ओलं गोणपाट. ते रोज भिजवायची त्याची सवय आता वहिनींनी उचलली आहे.

"आता कोण बांधणार, वहिनी?" मी विचारलं.

"कुणी नाही हो. मला कुठे जमतंय..." गोणपाट पिळता पिळता त्या म्हणाल्या. "पण ही माती वाळू दिली, तर मीही ती भट्टी पाडू देणाऱ्यांतलीच झाले ना, भावजी."