हिरवा गाल

चित्र माझ्याकडे थोडेच आठवडे राहणार होतं. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावात मी मुलाकडे राहतो; तिथे आमच्या शेजारी एक डच बाई एकट्या राहायच्या, वय सत्त्याऐंशी. त्या जवळच्याच वृद्धाश्रमात राहायला गेल्या. तिथल्या भिंतीत खिळा ठोकायला लेखी परवानगी लागते. ती मिळेपर्यंत त्यांनी चित्र माझ्याकडे ठेवलं. मुलगा आणि सून कामावर गेले की मला बोलायला त्या एकट्याच होत्या. दर बुधवारी अकरा वाजता कॉफी. बोलणं इंग्रजीत, दोघांनाही परक्या भाषेत.

चित्रात त्यांची आजी होती. चारकोलच्या जाड रेषा, वर पेस्टलच्या खडूंचे रंग. शंभर वर्षांहून जुनं. नाक एका रेषेत उरकलेलं, दोन डोळे दोन मापांचे. डाव्या गालावर हिरवट डाग होता.

निवृत्तीपर्यंत मी पुण्यात एका वृत्तपत्रात बातम्या तपासत होतो. खात्री केल्याशिवाय ओळ पुढे सोडायची नाही, ही सवय. या डागाची खात्री करावी असं मला वाटलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीवरच्या फोटोंना काचेच्या आतून अशीच बुरशी धरायची. दसऱ्याआधी पत्नी सगळ्या फ्रेमा उतरवून, उघडून, फोटो कोरड्या फडक्याने पुसायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. दसरा चार दिवसांवर होता. मी फ्रेम उघडली आणि सुती फडकं हलक्या हाताने फिरवलं. डाग सहज निघाला. त्याच्याबरोबर गालाची कडही गेली. फडक्यावर हिरवी पूड होती. तिला बुरशीचा वास नव्हता.

संध्याकाळी मुलाने पाहिलं. "बाबा, तुम्हाला हात लावायला कोणी सांगितलं होतं?"

"बुरशी होती."

"हीटिंगच्या घरात कुठली बुरशी? रंग होता तो. त्या काळी काही चित्रकार चेहरे असेच रंगवायचे." थोड्या वेळाने म्हणाला, "सांगू नका. त्यांना आता धड दिसतही नाही."

बुधवारी मी चित्र घेऊन गेलो आणि काय केलं ते क्रमाने सांगितलं. बाईंनी ते खिडकीपाशी नेलं, अगदी नाकाजवळ धरलं.

"घरात हा गाल कोणालाच आवडायचा नाही," त्या म्हणाल्या. "आजीला आजारी करून ठेवलंय म्हणायचे. आईने माळ्यावर टाकलं होतं. मी खाली आणलं ते या गालासाठी." मग माझ्याकडे पाहून, "आईचं राहिलेलं काम तुम्ही पुरं केलंत."

मी माफी मागितली.

"मुद्दाम केलं नाहीत," त्या म्हणाल्या आणि कॉफी ओतली.

परवानगी आलेली होती. पलंगासमोर खिळा ठोकलेला होता. चित्र त्यांनी कपाटाला टेकवून, तोंड आत करून ठेवलं. निघताना मी नेहमीसारखं म्हटलं, "बुधवारी येतो."

"आधी फोन करा."

वर्षभरात मी त्यांच्याकडे कधी फोन करून गेलो नव्हतो. मंगळवारी केला. या आठवड्यात जमणार नाही, त्या म्हणाल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच म्हणाल्या.

फडकं मी धुतलेलं नाही. घडी घालून कपाटात ठेवलं आहे, हिरवी बाजू आत.