मजकूर वाचून समजावून सांगितला

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. दोनदा बोलायला बसलो होतो, एकदा बायकोजवळ आणि एकदा खुद्द वकीलसाहेबांजवळ. दोन्ही वेळा भलतंच काही बोलून उठलो. आता लिहून पाहतो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गाव पारोळ्याकडचं, घरी सगळे अहिराणी बोलणारे. धुळ्याला शिकायला आलो, त्याच महिन्यात वर्गात उत्तर देताना तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघालं. मग वर्षभर मुलं जिन्यात गाठून विचारायची, “काय भाऊ, बठ्ठं बरं शे ना?” मी हसायचो. दुसरं काय करणार? पण शहरात अहिराणी बोलणं मी तेव्हापासून सोडलं.

शेवटच्या वर्षी दुपारचा एका वकीलसाहेबांकडे जाऊ लागलो. पोलिसांनी कुणाला कोर्टापुढे न नेता डांबून ठेवलं, की ते औरंगाबादच्या हायकोर्टात अर्ज लावत. साहेब पुण्याकडचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “इंग्रजी येणारे मला पुष्कळ मिळतील. या लोकांचं बोलणं येणारा तू एकटा.” ऐकून मला थोडं वाईटच वाटलं. इंग्रजीसाठी घेतलं असतं तर आवडलं असतं — हेही कबूलच करतो.

काम साधं होतं. अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत असायचं. शपथेआधी ते त्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचं, चूक असेल तर दुरुस्त करून घ्यायचं. खाली एक ओळ असायची — मजकूर वाचून समजावून सांगितला, तो बरोबर असल्याचे मान्य केले — आणि त्या ओळीखाली माझी सही.

विमलबाईच्या नवऱ्याला, लोटनला, मोटारपंपाच्या चोरीच्या संशयावरून उचलून पाच दिवस झाले होते. भेटू देत नव्हते. साहेबांना हकीकत सांगितली ती तिच्या जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, नानांनी. जेठासमोर ती कशी बोलणार? पदर पुढे ओढून भिंतीशी बसून राहिली. नाना म्हणाले, आमच्या डोळ्यांदेखत नेलं. साहेबांनी बायकोच्या नावाने लिहिलं — माझ्यासमक्ष नेले. पण ती त्या वेळी घरी नव्हतीच. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. हे नंतर कळलं. वाचून दाखवलं असतं तर आधी कळलं असतं.

का नाही दाखवलं?

घाई होती म्हणू? औरंगाबादच्या एसटीला पाऊण तास होता. नाना तिकीट काढायला गेले होते... नाही, हेही मी उगाच रचतोय. नाना झाडाखाली बसले होते, ऐकू येणार नाही इतके लांब. ती मोकळेपणी बोलली असती. खरं एवढंच, की धुळ्याच्या कोर्टाच्या ओट्यावर माझ्या वर्गातली तिघं चहा पीत उभी होती. मी हातात इंग्रजी कागद घेऊन उभा होतो आणि त्यांनी ते पाहिलं होतं. त्यांच्यासमोर तिच्याशी अहिराणीत बोलायला माझी जीभ रेटली नाही. दोन पावलं बाजूला जाता आलं असतं. तेही केलं नाही. सही करून टाकली.

शपथ देणाऱ्या कारकुनाने तिला विचारलं, सगळं समजलं ना? तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तिने हलवली, आणि अंगठा उमटवला.

पोलिसांनी हायकोर्टात कामाची हजेरी दाखल केली. त्या सकाळी विमलबाई घरापासून दोन कोस लांब हजर होती. मग नवऱ्याला नेताना तिने पाहिलं कसं? शपथेवर खोटं सांगितलं म्हणून अर्ज फेटाळला गेला.

साहेब परत आले. तिला आणि मला समोर उभं केलं. आवाज चढवला नाही. मला एवढंच विचारलं, “तू वाचून दाखवलं होतंस?”

“हो,” मी म्हणालो. “शब्दन् शब्द.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. काहीतरी आठवू पाहत असल्यासारखी. मग हळू म्हणाली, “भाऊनी वाचं व्हई. मीच इसरी गऊ.”

वाचलं असेल, मीच विसरले. शिकलेला मुलगा खोटं बोलेल, हे तिच्या मनातच आलं नाही.

सासूच्या नावाने दुसरा अर्ज लावायला नऊ दिवस गेले. सुनावणीच्या आदल्या दिवशी लोटनला सोडून दिलं. ऑफिसात आला तेव्हा उजव्या कानात कापूस होता. पहिले काही दिवस नुसतं बसवून ठेवलं होतं, तो सांगत होता. कोर्टाने अर्ज फेटाळला, त्यानंतर मारलं. त्या कानाने त्याला पुन्हा ऐकू आलं नाही.

पुढे मी नोकरीला लागलो. चार-पाच वर्षांनी अमळनेरच्या बाजारात ती दोघं दिसली. मिरच्या घेऊन बसली होती. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली होती, त्याच कानाशी वाकून गिऱ्हाईक काय म्हणतंय ते सांगत होती. मला तिनेच ओळखलं. गोणपाट झटकून बसायला दिलं. शेजारच्या बाईला माझी ओळख करून दिली — यांना सोडवायला धावपळ केली ते हे भाऊ. बाईने लोटनच्या कानाचं विचारलं. विमलबाई मिरच्या निवडत होती, वर न पाहता म्हणाली, “मन्हापायी गया याना कान. कागद वाचेल व्हता, मन्हाच ध्यानमा राह्यना नही.”

माझ्यापायी गेला याचा कान — इतकी वर्षं ती हे असंच सांगत आली होती. त्यालाही, गावालाही.

मी तिच्याशेजारी बसलो होतो. आजूबाजूला सगळे अहिराणीच बोलत होते. ओळखीचं कुणी नव्हतं.

निघताना तिने पिशवीत मूठभर मिरच्या घातल्या. मी त्या घेतल्या, आणि एसटी धरली.