ड्रमची बंद पट्टी

सत्तरच्या दशकात मी कराडजवळच्या एका छोट्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा मदतनीस होतो. कापूस, गॉझ, टॉवेल पत्र्याच्या गोल ड्रममध्ये भरून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करणं हे माझं काम. ड्रमच्या अंगाला भोकं असतात आणि त्यांवर एक सरकती पट्टी. यंत्रात ठेवताना पट्टी सरकवून भोकं उघडायची, म्हणजे वाफ आत शिरते. बाहेर काढल्यावर लगेच बंद करायची.

त्या दिवशी कुटुंबनियोजनाचं शिबिर होतं. व्हरांड्यात सतरंजीवर बायका सकाळपासून उपाशी बसल्या होत्या. मी ड्रम बाहेर काढला आणि सवयीने पट्टीकडे हात गेला. पट्टी बंदच होती. म्हणजे मी ती उघडलीच नव्हती. ड्रम हाताला चटका बसेल इतका गरम, पण आत वाफ गेलेली नाही. पुन्हा लावायचा तर तासभर जाणार. आतून डॉक्टर म्हणाले, "अहो, झालं का? का उद्या येऊ?"

मी ड्रम आत नेऊन ठेवला. पट्टी बंद बघून कुणाला शंका येणार नव्हती. बाहेर काढलेला ड्रम तसाच असतो.

आठवड्याभरात चौघींचे टाके पिकले. त्यातली एक गेली. तिचा नवरा फौजेत होता. तार मिळून तो येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

साताऱ्याहून आरोग्य खात्याचे साहेब चौकशीला आले. ऑपरेशनआधी बायकांची पोटं धुऊन देणं दवाखान्यातल्या एकट्या आयाबाईंकडे होतं, म्हणून संशय त्यांच्यावर गेला. साहेबांसमोर त्या माझ्याकडे वळल्या.

"आवं, तुमी हुता की तितं. मी कोपरापत्तूर हात धुतल्यालं बघितलं न्हाई व्हय?"

बघितलं होतं. "किती घासताय, कातडं निघेल," असं मी त्यांना हसून म्हणालोही होतो.

"माझं लक्ष नव्हतं," मी साहेबांना सांगितलं.

आयाबाईंना कामावरून काढलं. मला फार काही वाटलं असं आठवत नाही. जेवलो, झोपलो, दुसऱ्या दिवशी ड्रम भरले.

काही वर्षांनी त्या सांगलीच्या बाजारात भेटल्या. तोंडाला पदर बांधून हळकुंडं निवडत होत्या. त्यांनीच मला ओळखलं. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "ह्ये आमच्या दवाखान्यातलं. लय सरळ माणूस. समद्यांनी माज्यावर ढकललं, ह्यांनी एक शबूद वाईट बोलला न्हाई." मग माझ्यासाठी चहा मागवला.

खरं सांगायचं ओठांवर आलं होतं, असं पुढे मी स्वतःला समजावत आलो. तसं काही आलं नव्हतं. चहा प्यायलो, मुलाबाळांची चौकशी केली आणि कराडची एसटी धरली.

मागच्या वर्षी त्या वारल्या. आपल्या आईच्या हातून एक बाई दगावली, असं त्यांच्या मुलाला आजही वाटतं. हे लिहिलेलं मी त्याला वाचायला देणार आहे. नावं घातलेली नाहीत, तरी त्याला कळेल. ती बाई माझ्या हातून गेली.