करीमभाऊ आणि इटलीचा कोट

करीमभाऊ माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी बटनांकडे. अहेरीच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मी तिथे काज-बटन करायची. तरुणपणी चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये त्यांनी इटलीचा एक खुनाचा पिक्चर पाहिला होता, एकदाच. तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत.

"काळे हातमोजे, काळा कोट, तोंड दिसत नाई. सारं टॉकीज म्हणते, मर्द आहे. मी म्हणलं, बाई. काऊन? बटनं डाव्या अंगाले. बाईच्या कोटाले असतात. शेवटी बाईच निघाली. कपडा खोटं बोलत नाई. खुनाचे सारे पिक्चर मंग त्याच्यातूनच निघाले."

मी म्हणायची, "भाऊ, मशीन चालवा, तोंड कमी."

"शांताबाई, तुमच्या ओठाले एक काज करा अन् बटन लावून ठेवा."

रेडीमेड कपड्यांच्या दिवसांत निम्मी माणसं त्या गोष्टीसाठीच दुकानात टेकायची. एके दिवशी शाळेतले वानखेडे सर आले. त्यांनी तो पिक्चर मोबाईलवर पाहिला होता. म्हणाले, "भाऊ, उगाच नाव झालं त्याचं. नुसता लाल रंग सांडलाय. आणि कोट मर्दाचा आहे."

भाऊंची कात्री थांबली. "दाखवा. मी चुकलो असन तर या दुकानात तो पिक्चर पुन्हा सांगणार नाई."

सरांनी मोबाईल मशीनला टेकवून ठेवला. आम्ही तिघं त्यावर वाकलो. पहिलाच खून. काळा कोट, बटनं डावीकडे. भाऊंनी मांडीवर थाप मारली. "पाहा!"

"थांबा," सर म्हणाले. कॅमेरा मागे सरकला आणि आरशाची चौकट दिसली. आतापर्यंत आम्ही आरशातला कोट बघत होतो. पुढे तोच कोट समोरून आला. बटनं उजवीकडे.

भाऊ मोबाईलवर आणखी वाकले. मधला अर्धा तास पिक्चरमधली माणसं नुसती सिगारेटी ओढत बोलत होती. मी म्हटलं, "यापेक्षा बाजारातलं भांडण बरं." मग ती जिन्याची जागा आली. एक बाई वर चढते आहे, खालचा दिवा जातो, कठड्यावर हातमोजा दिसतो. बाजा नाही, काही नाही, फक्त पावलं. माझ्या अंगठ्यात सुई घुसली ते मला पिक्चर संपल्यावर कळलं. शेवटी खून करणारी बाईच निघाली. अंगात नवऱ्याचा कोट.

"जाऊ द्या भाऊ, बाई तर तुम्ही बरोबर ओळखली," सर म्हणाले.

"नाई सर. मी बटनंच पाहत राह्यलो, आरसा दिसलाच नाई." आणि म्हातारा एकदम खुलला. मी त्यांना इतकं खूश ईदलाही पाहिलं नव्हतं. "एका टेलरले त्या पिक्चरनं कोटावरून चाळीस साल फसवलं सर! अन् तुम्ही म्हणता, उगाच नाव झालं?"

सरांनी मोबाईल उचलून खिशात घातला.

भाऊंनी शब्द पाळला. कोणी विचारलं की म्हणायचे, "शांताबाईले विचारा." मग मी सांगायची, आरशासकट, आणि ते मान खाली घालून शिलाई मारत ऐकायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुकान आता त्यांची सून चालवते. पिक्चर अजून मीच सांगते. नाव उगाच झालेलं नाही त्याचं. मधला अर्धा तास मात्र मी गाळते.