अक्काने आवरलेलं गॅरेज

रस्त्यात एखादा नट पडलेला दिसला की अक्का थांबायची. बाजाराला निघालेली असो, नाहीतर कुणाच्या मयताला. वाकायची, नट उचलायची, पदराच्या टोकाने पुसायची आणि म्हणायची, "ह्याचा जोडीदार कुठंतरी हाय बग. दुसऱ्याच कुणाच्या तरी बुडाखाली दडलाय."

हसू नका. आधी मीही हसायची. माझी पिठाची गिरणी तिच्या गॅरेजसमोर, मध्ये फक्त मादन हिप्परग्याकडे जाणारा रस्ता. गिरणीत बसलेल्या बाईला सगळं गाव दिसतं, आणि गावाला वाटतं ही पिठाने आंधळी झाली आहे. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

तिचा नवरा मेस्त्री होता. ट्रॅक्टर, मळणीची मशीनं, फवाऱ्याचे पंप, असलं सगळं दुरुस्त करायचा. हाताला गुण होता, शिस्तीच्या नावाने मात्र पूज्य. मशीनमधून जुना भाग काढला की न बघता पाठीमागे भिरकावायचा. जन्मभर भिरकावत राहिला. शेवटी शेवटी तर शेडच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचायला वाट उरली नव्हती. टायर, साखळ्या, गंजलेले फण, फाटके पट्टे, तेलाचे डबे, सगळं एकमेकांच्या उरावर. एका ट्रॅक्टरच्या बॉनेटमध्ये कोंबडी अंडी घालायची, म्हणून त्या बॉनेटला कुणी हात लावायचा नाही. अक्का नवऱ्याच्या बाजूला बसून पान्हे द्यायची. त्याने मशीनखालून नुसता हात बाहेर काढला की तिला कळायचं कुठला हवा ते.

तुरीच्या राशी चालू होत्या तेव्हा मेस्त्री गेला. मशीनखाली झोपूनच काम करत होता. छातीत कळ आली, ओढून बाहेर काढेपर्यंत संपला. मूलबाळ नव्हतं.

कार्य उरकल्यावर भावकीतली माणसं बसली. अक्काला एकच दीर, धाकटा, गुलबर्ग्याला तुरीच्या अडतीत बस्तान बसवलेला. जमीन त्याच्याकडे गेली. बाईमाणूस काय शेती करणार, असं ठरलं. गावात बायाच शेती करतात, पण ते बोलायचं नसतं. मग अक्काला काय द्यायचं? दिराने गॅरेजकडे बोट केलं आणि म्हणाला, "वैनी, हे तुमाला राहू द्या. अण्णाची आठवण."

काय ते मोठं मन! विंचवा-सापासकट दिलं. सगळ्यांनी माना डोलवल्या. कागद काही झाला नाही. घरच्या घरात कागद कशाला, म्हणाले.

मला वाटलं, अक्का भंगारवाल्याला बोलावील, चार पैसे घेईल आणि गप घरात बसेल. पण ती उन्हाळ्यात पदर खोचून उभी राहिली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. रस्त्याच्या कडेला पोती अंथरली. भागांची नावं तिला अर्धी येत, अर्धी येत नसत. ती घरं लावायची. "हे मळणीचं घर. हे फवाऱ्याचं. हे नांगराचं." कुठला भाग कुठल्या मशीनमधून निघाला हे तिने समोर बसून बघितलेलं होतं. ज्याचं घर सापडायचं नाही त्याला वेगळ्या पोत्यावर ठेवायची आणि म्हणायची, "हे पाहुणे. असू दे बसलेले. कुणीतरी न्यायला येतंय."

जाणारे-येणारे थांबून बघायचे. "अक्का, कामून येवढं करायलीस? दे की टाकून." ती मान वर न करता म्हणायची, "टाकाया काय अक्कल लागतीय?"

त्या ढिगाऱ्यातून काय काय निघालं सांगू? तिच्या आईने लग्नात दिलेलं पितळेचं पातेलं निघालं, काळं तेल भरलेलं. त्या पातेल्यापायी अक्का माझ्याशी वर्षभर बोलली नव्हती. मी मागून नेलं आणि परत दिलं नाही, असा तिचा वहीम. ते सापडलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी मात्र वाटीभर हुग्गी घेऊन आली. गव्हाची खीर हो, आमच्याकडे सणाला करतात. सण काहीच नव्हता. मी म्हटलं, "चोराला हुग्गी कशाला?" ती म्हणाली, "खा गप."

आणि विड्या निघाल्या. मेस्त्रीने देवासमोर शपथ घेऊन विडी सोडली होती. बेअरिंगच्या डब्यात बंडल, टायरच्या आत बंडल, छपराच्या वाशात बंडल. पहिलं सापडलं तेव्हा अक्का रागावली, दुसऱ्याला हसली. वाशातलं सापडलं तेव्हा ते हातात धरून उंबऱ्यावर बसली आणि रडली. मेला तेव्हा चारचौघांत तिला रडायला जमलं नव्हतं. मी गिरणी बंद केली आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

पाऊस लागायच्या आत शेड आवरून झालं. मागची भिंत दिसायला लागली. ती निळी आहे हे मला त्या दिवशी कळलं. तेलाचे डबे कापून तिने कप्पे केले, फळ्या ठोकल्या, पान्हे लहान-मोठे बघून खिळ्यांना टांगले. हुमनाबादकडचा एक मेस्त्री कामाला ठेवला आणि धंदा चालू केला. आधी माणसं यायला लाजायची, बाईला काय विचारायचं म्हणून. पण राशीच्या दिवसांत मशीन बंद पडलं आणि भाग गुलबर्ग्यालाही मिळेना, की लाज बरोबर गिळता येते. जुन्या मशीनचं काही हवं असलं तर अक्काकडे मिळतं, असं सगळीकडे झालं. पोत्यावरचे पाहुणे एकेक करून आपापल्या घरी जायला लागले. अक्का खुशीत असायची. चांगल्या नव्या चपला घेतल्या तिने, नवऱ्यामागे पहिल्यांदा.

आता खंडे नवमीचं सांगते, कारण सगळं तिथेच बिघडलं.

त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं धुऊन, पुसून मांडतात. विभूतीची बोटं ओढतात, झेंडू वाहतात, नारळ फोडतात. ज्याचा धंदा, त्याने पूजा करायची. आणि विधवेने असल्या पूजेला पुढे व्हायचं नाही. अक्काच्या सासरचं घर जुन्या शरण-संतांची वचनं म्हणणारं. बाई-पुरुष सारखे, असं त्यांच्या मठाच्या भिंतीवर ठळक रंगवलेलं आहे. मी ते वाचलं आहे. त्याच भिंतीखाली बसून ती माणसं हे नियम सांगतात.

पहिल्याच वर्षी अक्का सुपारी घेऊन दिराला बोलवायला गेली. मी म्हटलं, "अगं, गॅरेज तुझं. तूच फोड की नारळ."

"कामून उगी बोलणं खायचं?" ती म्हणाली. "घरचा माणूस हाय, मान दिला तर काय बिघडतंय? नारळ कुणी बी फोडला तरी खोबरं खोबरंच."

मग दर वर्षी तसंच. दीर गुलबर्ग्याहून गाडीने यायचा, पूजा करायचा, नारळ फोडायचा, जेवून जायचा. अक्का भिंतीला टेकून हात जोडून उभी राहायची. आपण धुतलेल्या पान्ह्यांवर दुसरा माणूस फुलं वाहतो आहे, आणि ही समाधानात. मला राग यायचा, पण तिचा सण कशाला नासवायचा म्हणून मी गप.

एका खंडे नवमीला दीर पूजा झाल्यावर लगेच जेवायला बसला नाही. शेडमध्ये फिरत राहिला. निळी भिंत हाताने चाचपली. वर पत्र्याकडे बघितलं, दारातून रस्त्याकडे बघितलं. म्हणाला, "वैनी, जागा लई मोठी हाय की हो. कळलंच न्हाई इतकी वर्सं."

अक्का म्हणाली, "आवरली की दिसती." किती हौसेने म्हणाली!

दिवाळी झाल्यावर निरोप आला. दिराला रस्त्यालगत तुरीचं गोदाम पाहिजे होतं, आणि गॅरेज घरचंच होतं. भावकी मठासमोरच्या कट्ट्यावर बसली. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. भावकीतल्या थोरल्या अप्पांनी विचारलं, "खंडे नवमीला पूजा कोण करायलंय?"

"दाजी," अक्का म्हणाली. दिराला ती दाजी म्हणायची.

"नारळ?"

"त्येच."

"बोलवाया कोण जातंय?"

"मीच."

"मग झालं की," अप्पा म्हणाले. "आपल्यात हत्याराची पूजा मालक करतो. तूच त्याला मालक मानलीस, सुपारी दिलीस. गावानं बगितलंय. आता न्हाई म्हणून कसं चालंल?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, तिनं स्वतः पूजा केली असती तर चालली असती का तुमाला?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तू दळण बग जा," म्हणाले. कट्ट्यावरच्या सगळ्यांनी परत माना डोलवल्या. त्यातल्या कितीकांची मशीनं अक्काने ऐन राशीत चालू करून दिली होती. ती तोंडं मला पाठ आहेत. अजून माझ्याकडे दळायला येतात.

मी तिला कोर्टात जा म्हटलं. ती म्हणाली, "तिथं बी कुणाचा तरी दीरच बसला असंल."

दोन-तीन दिवसांत तिने किल्ली दिली. देताना दिराला म्हणाली, "कुलूप अडतंय. आधी जरा वर उचलायचं, मग फिरवायचं." तो म्हणाला, "बदलतो की वैनी." मग ट्रक आला आणि सगळी घरं एकात एक कालवून भंगारात गेली. फळ्या तेवढ्या ठेवल्या, पोती रचायला बऱ्या म्हणून. अक्का बीदरकडे, जनवाड्याला भावाकडे निघून गेली. माझ्या दारावरून गेली, पण थांबली नाही.

गेल्या वर्षी बीदरला एका लग्नाला गेले, तेव्हा मुद्दाम जनवाड्याला उतरले. भाऊ शेतावर होता. भावजयीने चहा ठेवला आणि हळू आवाजात तक्रार केली, "आमच्या वन्सं खोली आवरूच देईनात. भांडतेत. तुमी तरी सांगा."

मागच्या खोलीत गेले. दार पुरतं उघडेना. आत मोडकी बाज, फाटकी पोती, चिंध्यांची बोचकी, फुटके डबे, आणि त्यात एवढीशी जागा करून अक्का बसलेली. पितळेचं पातेलं गोणपाटाखाली दडपलेलं, कड तेवढी दिसत होती. अक्का वाळली होती पार. मला बघून तोंडभर हसली, गिरणीचं विचारलं, पट्टा बदललास का विचारलं. तिकडचं, त्या शेडचं, तिने काही विचारलं नाही, आणि मीही काढलं नाही.

बोलता बोलता माझा हात गेला. बायकांचा जातोच. टेकायला जागा व्हावी म्हणून एक पोतं उचलून मी घडी घालायला लागले. अक्काने माझं मनगट धरलं. अजून पकड होती हाताला.

"र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "नीट दिसलं की कुणाला तरी पाहिजे होतंय."

मी पोतं होतं तसं चुरगळून परत ठेवलं आणि त्याच्यावरच बसले.